लॅपटॉप रुसला, त्याची गोष्ट

मंगळवारी सकाळी अकराला बँकेत हिशोबाचे कागद द्यायचे होते, आणि रविवारी रात्री साडेदहाला आमच्या लॅपटॉपनं मान टाकली.

हिशोब माझा एकटीचा असता तर मी सरळ पांघरूण ओढून झोपले असते. पण तो होता आमच्या बचत गटाचा. बाराजणी आहोत आम्ही. बार्शीतल्या आमच्या गल्लीत गट सुरू झाला तेव्हा महिन्याला शंभर रुपये बचत होती, आता तीनशे आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकतो. चटणी कुटायचं यंत्र घ्यायचं म्हणून दीड लाखाचं कर्ज मागितलं होतं. बँकेच्या साहेबांनी तीन वर्षांचा जमाखर्च, कुणी किती कर्ज उचललं, किती फेडलं, सगळं छापून आणायला सांगितलं होतं.

गटाची सचिव मी. पूर्वी सगळं वहीत असायचं. तीन वर्षांपूर्वी लेकीनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला, एक्सेल शिकवलं, बेरजा आपोआप व्हायला लागल्या आणि मी वही कपाटात टाकून दिली. "आता दोनदा कशाला लिहायचं?" असं मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मैत्रिणींनो, पुढे त्याचं काम आहे.

तर रविवारी रात्री झालं असं. स्क्रीन अधूनमधून फडफडायची. ट्यूबलाइट जायच्या आधी फडफडते ना, तशी. उपाय शोधावा म्हणून मी इंटरनेटवर बघत होते, तेवढ्यात एक चौकट आली : 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झाले आहेत. संगणक धोक्यात आहे. एका क्लिकमध्ये दुरुस्त करा.' लाल अक्षरं, मोठं उद्गारचिन्ह. मी घाबरले आणि दाबलं. एक सॉफ्टवेअर उतरलं, हिरवी पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर गेली, 'अभिनंदन' म्हणून झालं, आणि रीस्टार्ट करा असा निरोप आला. केलं रीस्टार्ट.

कंपनीचं चिन्ह आलं. खाली ठिपके गोल फिरू लागले. आणि एकदम सगळा पडदा निळा! वर रडवा चेहरा, खाली इंग्रजीत दोन ओळी. वाचायच्या आत बंद होऊन पुन्हा सुरू. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा निळा पडदा. काळजात धस्स झालं. 'हे' आतून विचारताहेत, "झालं का काम?" आणि मी म्हणतेय, "होतंय, होतंय." खरं सांगायचं धाडसच होईना. स्वतःच्या हातानं केलेली चूक होती ना!

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी दुरुस्तीवाल्याच्या दारात. पोरगा चांगला आहे, काकू काकू म्हणून बोलतो. त्यानं एकदा चालू करून बघितलं आणि म्हणाला, "काकू, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावं लागेल. बाराशे रुपये, उद्या संध्याकाळी देतो."

"आणि आतले हिशोब?"

"ते काय राहत नाय. बॅकअप असंल ना तुमच्याकडं?"

बॅकअप! शब्द माहीत होता. केला मात्र कधीच नव्हता. बारा बायकांचा तीन वर्षांचा हिशोब त्या डब्यात, आणि त्यांना कुणालाच माहीत नाही की सचिवबाई दुकानात उभ्या आहेत. मी म्हटलं, "थांब. रात्री लेकीला विचारते." लॅपटॉप छातीशी धरून घरी आले. आज वाटतं, त्या दिवशी मी एकच शहाणपणा केला, तो म्हणजे 'थांब' म्हणाले.

लेक पुण्याला नोकरी करते. रात्री आठला घरी पोचल्यावर तिचा फोन आला. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, फाइली कुठंही गेलेल्या नाहीत. विंडोजसुद्धा बहुतेक धड आहे. तू चुकीचा ड्रायव्हर घातलास, तेवढाच बाहेर काढायचाय."

आता हा ड्रायव्हर म्हणजे काय? मला वाटायचं, गाडीचा असतो तसा काहीतरी चालवणारा असेल. तर तसं नाही. माझं माहेर सोलापूरचं. शेजारी पद्मशाली कुटुंब होतं. त्या घरातल्या आजींना तेलुगूच यायचं, आणि माझ्या आईला मराठी. मध्ये त्यांची नात उभी राहायची. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सांगायची. ड्रायव्हर म्हणजे ती नात! विंडोज एक भाषा बोलते. स्क्रीन, प्रिंटर, आवाजाचं यंत्र, वायफाय यांची भाषा वेगळी. प्रत्येकासाठी एक एक दुभाषी लागतो. दुभाषी चांगला तर संसार सुरळीत. पण तेलुगूच्या जागी दुसरीच भाषा येणारा दुभाषी आणून बसवला तर काय होईल? माझ्या लॅपटॉपमध्ये नेमकं तेच झालं होतं. त्या 'एका क्लिक'वाल्या सॉफ्टवेअरनं स्क्रीनसाठी भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर घातला होता.

"पण एका दुभाष्यामुळं अख्खं घर का बंद पडावं?" मी विचारलं. लेक म्हणाली, बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. तिथं कुणी गडबड केली तर विंडोज स्वतःहून सगळं थांबवते. नाहीतर चुकीचं काहीतरी लिहिलं जाऊन फाइली खराब व्हायच्या. म्हणजे आपल्या मीटरजवळचं एमसीबी पडतं ना, तसंच. एमसीबी पडलं म्हणून घर जळालं असं नसतं. उलट जळू नये म्हणूनच ते पडतं. एवढं ऐकलं आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

आणि असं फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असंही नाही बरं! १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय? विमानतळांवर एकच गोंधळ उडाला होता. आपल्याकडे प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर असंच विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवून चालतं. त्याच्या अपडेटमधली एक फाइल सदोष निघाली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मोठमोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनी मग काय केलं? एकेक संगणक सेफ मोडमध्ये चालू केला आणि ती फाइल हातानं काढून टाकली. मी त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलं ते त्याच जातीचं काम होतं. म्हणून म्हणते, लाजायचं काही कारण नाही.

आता काय केलं ते क्रमानं सांगते. कात्रण काढून ठेवा हवं तर.

एक. लॅपटॉपला लावलेलं सगळं काढलं. प्रिंटर, माउस, पेनड्राइव्ह, सगळं. चार्जर तेवढा ठेवला, कारण मध्येच बॅटरी संपायला नको.

दोन. विंडोज सुरू होताना दोनतीनदा अडखळली की तिची तीच दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तिथं 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं काहीतरी येतं. माझा लॅपटॉप पुन्हापुन्हा पडत होता, त्यामुळं तो आपोआपच तिथं पोचला. नाही पोचला तर ठिपके फिरायला लागल्यावर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे बंद होतो. असं दोनतीनदा केलं की तो पडदा येतो. एरवी असं बंद करू नये, पण इथं इलाज नाही.

तीन. तिथं 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' दाबायचं. मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि 'रीस्टार्ट'. 'ट्रबलशूट'च्या आत 'रीसेट धिस पीसी' असंही एक बटण असतं. त्याच्या वाटेला जायचं नाही. ते शेवटचा उपाय आहे. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर आपल्या फाइली राहतात, पण नंतर घातलेली सॉफ्टवेअर जातात. आणि दुसरा पर्याय निवडला तर सगळंच साफ.

इथं माझी दुसरी परीक्षा आली. रीस्टार्ट झाल्यावर लॅपटॉपनं एक किल्ली मागितली. ४८ आकड्यांची! बऱ्याच लॅपटॉपमधल्या फाइली कुलूपबंद असतात. बिटलॉकर म्हणतात त्या कुलपाला. चोरानं लॅपटॉप नेला तरी आतलं काही वाचता येऊ नये म्हणून ते असतं. रोजच्या वापरात आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण नेहमीची वाट सोडून असं आडवाटेनं आत शिरायला गेलं की ते किल्ली विचारतं. मी पुन्हा फोनवर, "अगं, आता हे काय नवीन?"

लॅपटॉप मुळात लेकीचा, त्यामुळं तो तिच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेला होता. तिनं आपल्या मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन किल्ली शोधली. पडद्यावर किल्लीची एक ओळख दिलेली असते, तिची पहिली अक्षरं जुळवून बघितली. मग ती वाचत गेली आणि मी टाइप करत गेले. सहा सहा आकड्यांचे आठ गट. पाढे म्हणावेत तसं चाललं होतं. एक आकडा चुकला, पुन्हा तपासला. दार उघडलं! तेव्हा मनात आलं, हा लॅपटॉप मी कुणाकडून सेकंडहँड घेतला असता आणि तो माणूस फोनच उचलत नसता तर? वापरलेला लॅपटॉप घेताना चार्जरबरोबर हेही विचारून घ्या. तो स्वतःच्या खात्याला जोडून घ्या.

चार. मग एक यादी आली. त्यात ४ दाबलं की सेफ मोड. पडदा काळा, अक्षरं मोठी मोठी, आणि चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. हा म्हणजे संगणकाचा उपासाचा दिवस. अगदी गरजेपुरतंच चालू असतं. स्क्रीनचा खास ड्रायव्हरही वापरला जात नाही, विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर चालतो. म्हणून बिघडलेला दुभाषी गप्प बसतो आणि आपल्याला काम करता येतं.

समोर माझं 'गट हिशोब' नावाचं फोल्डर दिसलं. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं.

पाच. दुरुस्तीला हात लावायच्या आधी लेकीनं पेनड्राइव्ह लावायला सांगितला. सगळा हिशोब आधी त्यात उतरवला. आता काही बिघडलं तरी बँकेचं काम अडणार नव्हतं. घराला आग लागली तर आधी माणसं बाहेर काढतात, सामान नंतर. तसंच हे.

सहा. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबलं. यादी आली, त्यात 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथं 'डिस्प्ले ॲडाप्टर्स' उघडलं. खाली जे नाव होतं त्यावर माउसचं उजवं बटण, मग 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर' असा कप्पा. त्यात 'रोल बॅक ड्रायव्हर' नावाचं बटण असतं. म्हणजे नव्याला घरी पाठव, जुन्याला परत बोलाव. संगणकानं कारणही विचारलं, का परत जायचंय म्हणून! एक कारण निवडलं आणि 'येस' केलं.

हे बटण कधी कधी फिकट असतं, दाबलं जात नाही. तेव्हा त्याच कप्प्यात 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबायचं आणि ड्रायव्हर काढून टाकण्याविषयी जी छोटी चौकट असते तिच्यावर खूण करायची. मग विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरून सुरू होते आणि नंतर योग्य तो विंडोज अपडेटमधून घेता येतो.

सात. रीस्टार्ट केलं. चिन्ह आलं. ठिपके फिरू लागले. मी देवघराकडं बघत होते. आणि नेहमीचा पडदा आला! पावणेअकरा वाजले होते. 'हे' मागं येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. म्हणाले, "दोन दिवस होतंय होतंय म्हणत होतीस, ते हे होय?" मग मी सगळं सांगितलं. ते हसले आणि चहा टाकायला गेले.

ते 'एका क्लिक'चं सॉफ्टवेअर मी आधी काढून टाकलं आणि मग चहा घेतला.

सगळ्याच वेळी इतक्यावर भागतं असं मात्र नाही. ड्रायव्हर मागं घेऊन जमलं नाही, तर त्याच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'सिस्टीम रिस्टोअर' असतं. आधी खूण ठेवलेली असेल तर संगणक त्या दिवसाच्या स्थितीला परत जातो, आणि आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. विंडोजच्याच अपडेटनंतर बिघडलं असेल तर तिथंच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. आणि सेफ मोडमध्येसुद्धा निळा पडदा येत असेल, तर कदाचित मेमरी किंवा डिस्कचाच दोष असेल. तेव्हा सरळ माहीतगाराकडं जावं. फक्त जाताना त्याला आधीच सांगावं, "फॉरमॅट करायच्या आधी डेटा काढून दे." विंडोज सुरू होत नसली तरी डिस्क धड असेल आणि कुलपाची किल्ली आपल्याकडं असेल, तर बहुतेक वेळा फाइली काढता येतात. आणखी एक, निळा पडदा आला की मोबाइलनं पटकन फोटो काढा. खाली बिघाडाचा कोड असतो, माहीतगाराला तो फार उपयोगी पडतो. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झालाय आणि रडवा चेहरा गेलाय. तेव्हा काळा दिसला तरी गोंधळू नका, दुखणं तेच.

आणि ड्रायव्हर अपडेट करावाच का? मी आता एवढंच पाळते. विंडोजचे सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी घ्यायचे. विंडोज १० चे मोफत नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, तेव्हा जुनी विंडोज असेल तर त्याचीही चौकशी करायची. पण ड्रायव्हर नीट चालत असेल तर त्याला उगाच हात लावायचा नाही. लावायचाच तर विंडोज अपडेटमधून, नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघून. त्याआधी शोधायच्या जागेत 'रिस्टोअर पॉइंट' टाइप करून एक खूण करून ठेवायची. 'प्रोटेक्शन' बंद असेल तर ते आधी चालू करायचं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने' असं ओरडत येणाऱ्या चौकटीला, दारात येऊन "बाई, तुमच्या घरावर संकट आहे" म्हणणाऱ्या भोंदूला जसं आपण दार लावतो, तसं लावून घ्यायचं. माझी फडफडणारी स्क्रीन पुढं विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरनंच थांबली.

मंगळवारी अकराला बँकेत कागद दिले. साहेबांनी एकेक पान उलटून बघितलं, एकदोन शंका विचारल्या आणि शिक्का मारून पोच दिली. मी हे कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्या शनिवारच्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. बॅकअप नव्हता, चूक माझी होती, पैसे तुमचे होते. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, ज्यांनी पन्नाशीत सही शिकली, त्या म्हणाल्या, "आगं, वहीला कुठं निळा पडदा येतो?"

सगळ्या हसल्या, मीसुद्धा. पण टोला बरोबर बसला होता. आता आमच्याकडं दोन्ही आहे. हिशोब एक्सेलमध्येच होतो, पण दर महिन्याच्या बैठकीत त्याची छापील प्रत निघते, त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात आणि ती फाइलला लागते. एक पेनड्राइव्ह अध्यक्षवहिनींकडं असतो. ती ४८ आकड्यांची किल्ली मी कागदावर उतरवून गटाच्या पासबुकाबरोबर कपाटात ठेवलीय. आणि गटातल्या दोघी सुना आता हिशोब शिकताहेत, म्हणजे उद्या मी आजारी पडले तरी गटाचं काम अडणार नाही.

परवा अध्यक्षवहिनींचा सकाळी सकाळी फोन आला. "अहो, आमच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर तो निळा पडदा आलाय. दुकानात न्यायला निघालाय तो."

मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "त्याला म्हणावं थांब. आणि आधी प्रिंटरची वायर काढ."